वाऱ्याची बेगमी : क्लीव्हलंडच्या तळघरातील ४०८ बरण्या (थ्रेड)

अमेरिकेच्या ओहायो राज्यातील क्लीव्हलंड शहर. युक्लिड ॲव्हेन्यू हा तिथला धनिकांचा रस्ता. या रस्त्यावरील एका हवेलीच्या परसात १८८८ साली एक अजस्र चक्र फिरू लागले. व्यास ५६ फूट, लाकडी पाती १४४, मनोऱ्याची उंची ६० फूट, आणि चक्राला वाऱ्याच्या तोंडी धरणारे ६० फूट लांबीचे शेपूट. सारा डोलारा ८०,००० पौंड वजनाचा.

वाटसरू मान वर करून हे चक्रच पाहत असणार. या योजनेतील खरा अवघड हिशेब मात्र खाली, हवेलीच्या तळघरात होता. तिथे काचेच्या ४०८ बरण्या ओळीने मांडलेल्या होत्या. प्रत्येकीत शिशाच्या पट्ट्या, सौम्य गंधकाम्ल, आणि आम्लाचे बाष्पीभवन होऊ नये, शिंतोडे उडू नयेत म्हणून वर तेलाचा एक थर.

बरण्या ४०८ च का? १०० का नव्हेत, २,००० का नव्हेत? ज्या घराला बाहेरून विजेची तार येत नाही, त्या घराने वीज साठवायची ती किती? हा प्रश्न आज सौरऊर्जेच्या संदर्भात रोज विचारला जातो. त्याचे वय मात्र १३० वर्षांहून अधिक आहे, आणि त्याची पहिली भरभक्कम उत्तरे याच तळघरात सापडतात.

प्रश्नाचा गाभा मराठी माणसाला परका नाही. देशावरच्या गावांत पूर्वी धान्य साठवायला जमिनीत पेव खणत. पेव किती खोल खणायचे हे केवळ पिकावर ठरत नसे. खाणारी तोंडे किती, पुढचे पीक हाती येईपर्यंत महिने किती, आणि तळाशी ओल लागून नासणारे धान्य किती, हे तिन्ही हिशेब करावे लागत. पेव लहान पडले तर उपासमार. फार मोठे खणले आणि ते कधी भरलेच नाही, तर श्रम वाया. विजेच्या घटांचा हिशेब नेमका हाच आहे. फरक एवढाच, की अर्धेच भरून ठेवलेले पेव स्वतः कुजत नाही. शिशाचा घट कुजतो.

ते कसे, हे कळण्यासाठी थोडे मागे जायला हवे.

१८५९ साली फ्रान्समध्ये गास्तों प्लांते यांनी शिशाचे दोन पत्रे मध्ये विलगकारी पट्टी ठेवून गुंडाळले आणि ती गुंडाळी गंधकाम्लात बुडवली. वीज आत सोडली की ती रासायनिक रूपात साठे, आणि उलट दिशेने पुन्हा बाहेर काढता येई. पुन्हा पुन्हा भरता येणारा हा पहिला व्यवहार्य घट. उणीव एकच होती. पत्र्यांवर क्रियाशील थर तयार होण्यासाठी तो अनेकदा भरावा आणि रिकामा करावा लागे, आणि या कामात आठवडेच्या आठवडे जात.

१८८१ साली कामील फोर यांनी ही वाट जवळ केली. त्यांनी शिशाच्या पट्ट्यांवर शिशाच्या तांबड्या ऑक्साइडचा लेप चढवला. हे तांबडे ऑक्साइड म्हणजे आपल्याकडे मारुतीला चढतो तो पारंपरिक शेंदूर. क्रियाशील थर आता आयताच मिळू लागला, आणि घट कारखान्यात मोठ्या संख्येने बनवता येऊ लागले.

त्याच वर्षी मे महिन्यात फोर घटांची एक पेटी पॅरिसहून ग्लासगोला सर विल्यम थॉमसन यांच्याकडे पोचली. हेच पुढचे लॉर्ड केल्व्हिन. पेटीत दहा लाख फूट-पौंड ऊर्जा साठवलेली आहे, ही बातमी तेव्हा फार गाजली. ‘दहा लाख’ हा आकडा ऐकून छाती दडपते. आजच्या वीजबिलाच्या भाषेत मांडला, तर तो जेमतेम ०.३८ युनिट होतो. ६० वॅटचा एक दिवा सहा तास. किंवा आजच्या १०,००० मिलिअँपिअर-तासांच्या दहा पॉवर बँका.

तरीही थॉमसन यांना त्या पेटीत पुढचे दिसले. त्याच वर्षी यॉर्क येथे ब्रिटिश असोसिएशनपुढे केलेल्या भाषणात त्यांनी निसर्गातील ऊर्जास्रोतांचा आढावा घेतला. कोळसा महागेल तेव्हा माणूस पुन्हा वाऱ्याकडे वळेल, आणि पवनचक्कीवर चालणारा डायनॅमो फोर घट भरून दिवे पेटवील, अशी शक्यता त्यांनी तिथे मांडली. पवनचक्क्या धान्य दळत होत्या, पाणी उपसत होत्या. वारा पडला की ही कामे थांबत, आणि कोणाचे काही बिघडत नसे. पीठ उद्या दळता येते, दिवा मात्र आज रात्रीच हवा असतो. वारा आणि दिवा यांच्यामधली ही फट घट भरून काढणार होता.

भाषणानंतर सहा वर्षांनी, जुलै १८८७ मध्ये, ग्लासगोच्याच अँडरसन्स कॉलेजातील प्राध्यापक जेम्स ब्लाइथ यांनी स्कॉटलंडमधील मेरीकर्क या आपल्या जन्मगावी सुटीच्या घराच्या बागेत कापडी शिडांची सुमारे १० मीटर उंच पवनचक्की उभारली. तिच्यावर फोर घट भरले जात आणि घरातले दिवे लागत. बऱ्यापैकी वारा असला की २५ व्होल्टचे दहा दिवे चालतील एवढी वीज मिळे. वाऱ्याच्या विजेवर उजळलेले हे जगातले पहिले घर मानले जाते.

ब्लाइथ यांच्या हकिकतीतील एक प्रसंग बहुधा विनोद म्हणून सांगितला जातो. घरची गरज भागून वीज उरते, तेव्हा गावाचा मुख्य रस्ता उजळण्यासाठी ती घ्यावी, असे त्यांनी गावकऱ्यांना सुचवले. गावकऱ्यांनी हे सैतानाचे काम ठरवून नाकारले. हसून झाले की एक शंका विचारावी. वीज उरत का होती? घट भरले की पुढे येणारा वारा ठेवायला जागा नसते. साठा लहान असला की वाऱ्याच्या दिवसांत वीज फुकट जाते आणि निर्वाताच्या दिवसांत अंधार होतो. सैतानाचे ठाऊक नाही, पण घटांची मर्यादा त्या नकारात नक्की उघडी पडली.

आता पुन्हा क्लीव्हलंड.

हवेलीचे मालक चार्ल्स फ्रान्सिस ब्रश. जन्म १८४९, शहराजवळच्याच शेतावर. २९ एप्रिल १८७९ रोजी त्यांनी क्लीव्हलंडच्या पब्लिक स्क्वेअरमध्ये आपले १२ चाप-दिवे पेटवून रात्रीचा दिवस केला होता. शहरांच्या रस्त्यांना मध्यवर्ती डायनॅमोवरून वीज पुरवण्याचा धंदा अमेरिकेत ज्यांनी उभा केला, त्यांतले ते अग्रणी. शिशाच्या घटांवर त्यांची स्वतःची पेटंटे होती, आणि त्यावरून फोर यांच्या पक्षाशी अमेरिकी न्यायालयांत झगडाही झाला. तारांनी शहरे जोडणाऱ्या माणसाचे स्वतःचे घर मात्र तारेवाचून चालत होते. हा विरोधाभास गमतीचा आहेच. पण त्यात एक सोयही होती : घट, डायनॅमो, दिवे आणि पैसा या चारही गोष्टी एकाच माणसाच्या हाती होत्या. असा प्रयोग करायला त्याच्याहून योग्य गृहस्थ त्या काळी क्वचितच सापडला असता.

त्यांच्या योजनेचे सविस्तर वर्णन ‘सायंटिफिक अमेरिकन’च्या २० डिसेंबर १८९० च्या अंकात आले. त्यातले आकडे घेऊन बसले, तर ब्रश यांचे गणित आजही पुन्हा मांडून पाहता येते.

४०८ घट १२ रांगांत विभागलेले होते, प्रत्येक रांगेत ३४. रांगेतले घट एकसर जोडलेले, आणि १२ रांगा एकमेकींशी समांतर. प्रत्येक घटाची धारकता १०० अँपिअर-तास.

शिशाचा एक घट सुमारे २ व्होल्ट देतो. एकसर जोडणीत व्होल्ट वाढतात, म्हणून ३४ घटांची रांग ६८ व्होल्टची. समांतर जोडणीत व्होल्ट तेच राहतात आणि धारकता वाढते, म्हणून १२ रांगा मिळून १,२०० अँपिअर-तास. ६८ ला १,२०० ने गुणले की ८१,६०० वॅट-तास. म्हणजे जवळपास ८२ युनिट. थॉमसन यांच्या पेटीतील ०.३८ युनिटांवरून सात वर्षांत एका तळघरात ८२ युनिट!

आज भारनियमनाच्या भीतीने घराघरात ठेवलेली इन्व्हर्टरची १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची बॅटरी १.८ युनिट साठवते. तशा ४५ बॅटऱ्या एका घरात.

वर फिरणाऱ्या चक्राचा डायनॅमो पूर्ण वेगात १२,००० वॅट देई. गती ५० पट वाढवणारी योजना मध्ये असल्याने चक्राचे १० फेरे झाले की डायनॅमोचे ५०० होत. इतक्या जोराचा वारा सलग लाभला, तर रिकामे घट सात तासांत भरावेत. घटात जेवढे घालावे तेवढे परत मिळत नाही, पाचवा हिस्सा किंवा अधिक वाटेत जातो, म्हणून नऊ तास धरू. वादळी वाऱ्याची एक रात्र.

आणि खर्च? घरात ३५० दिवे होते, १० ते ५० मेणबत्ती-शक्तीचे. शिवाय दोन चाप-दिवे आणि तीन मोटारी. रोजच्या वापरात मात्र सुमारे १०० दिवेच असत, बहुतेक १६ ते २० मेणबत्ती-शक्तीचे. त्या काळच्या कर्बतंतूच्या दिव्याला प्रत्येक मेणबत्ती-शक्तीमागे साडेतीन वॅट लागत असे धरले, तर १६ मेणबत्तीचा एक दिवा ५६ वॅटचा. असे १०० दिवे मिळून ५,६०० वॅट. संध्याकाळचे चार तास धरले तर रोज २२ युनिट. मोटारी आणि चाप-दिवे बाजूलाच ठेवू.

आता ८२ ला २२ ने भागावे. उत्तर पावणेचारच्या आत येते. घट पूर्ण रिकामे होऊ द्यायचे नसतात. दोन तृतीयांशच वापरायचे ठरवले, तरी अडीच रात्री निघतात.

ब्रश यांच्या तळघराचा आकार पवनचक्कीच्या ताकदीने ठरलेला दिसत नाही, आणि ३५० या दिव्यांच्या संख्येनेही नाही. तो ठरलेला दिसतो वारा न येण्याच्या कालावधीने. वारा पडला तर किती रात्री थांबायची तयारी आहे, या प्रश्नाचे उत्तर म्हणजे त्या बरण्या. अडीच ते पावणेचार रात्री. आज तारेपासून दूरच्या घराला बॅटऱ्या सुचवणारा तंत्रज्ञ प्रथम हेच विचारतो, आणि त्याचे उत्तरही बहुधा दोन ते तीन दिवस असेच असते.

मग सगळे ३५० दिवे एकाच वेळी लावले तर काय होईल? साडेएकोणीस हजार वॅटच्या आसपास भार पडतो. कागदावर ८२ युनिट चार तासांना पुरतात. प्रत्यक्षात तेवढेही पुरत नाहीत. शिशाचा घट जितका घाईने रिकामा करावा, तितका तो कमी देतो. विल्हेल्म पॉयकर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ साली या वागणुकीचे सूत्र मांडले. त्या सूत्रानुसार, ५ अँपिअरने सावकाश वीस तास उपसला तर १०० अँपिअर-तास देणारा साधारण घट २० अँपिअरने उपसला तर चार तासही टिकत नाही. हाती लागतात सुमारे ७५. बाकीची वीज कुठे पळून जात नाही. ती पट्ट्यांच्या आतल्या भागात अडकून राहते, कारण आम्लाला तिथवर झिरपायला उसंत मिळत नाही.

१२ समांतर रांगांची मौज इथे उमगते. १०० दिव्यांचा भार ८२ अँपिअर. तो १२ रांगांत वाटला की प्रत्येक बरणीच्या वाट्याला सातही येत नाहीत. १०० अँपिअर-तासांच्या घटाला हा भार सहज पेलणारा आहे. पॉयकर्टचे सूत्र छापून येण्याच्या नऊ वर्षे आधी या तळघरातले घट त्या सूत्राला मानवेल अशाच संथपणे चालत होते.

समांतर रांगांचा एक तोटाही आहे, आणि आजचा तंत्रज्ञ १२ रांगा पाहून कपाळाला हात लावील. एका रांगेतील एक घट अशक्त झाला की ती सारी रांग कमी भरते, आणि शेजारच्या रांगा तिच्यात आपली वीज ओततात. म्हणून हल्ली तीन-चारांहून अधिक समांतर रांगा टाळतात आणि त्याऐवजी मोठे घट घेतात. बरण्या १०० अँपिअर-तासांच्या असताना मोठा साठा करायचा तर संख्या वाढवणे ओघानेच आले. पण ४०८ बरण्यांवर लक्ष ठेवायला ब्रश यांच्यासारखाच जाणता माणूस घरात हवा.

वर म्हटले होते, की अर्धवट भरलेला शिशाचा घट कुजतो. त्याचे कारण असे. घट रिकामा होताना दोन्ही पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट बसते. लगेच भरला तर ते विरघळून जाते. तसाच ठेवला तर त्याचे कठीण स्फटिक बनतात, आणि मग कितीही वीज सोडली तरी ते पुरते निघत नाहीत. दर वेळी धारकतेचा थोडा थोडा भाग मरत जातो.

म्हणून केवळ ‘जास्त घट घ्यावेत, म्हणजे चिंता मिटली’ असा विचार करणारा फसतो. ब्रश यांनी पैशाच्या जोरावर २,००० बरण्या मांडल्या असत्या, तर साठा ४०० युनिटांवर गेला असता. मात्र त्याच डायनॅमोला तो भरायला पूर्ण वेगाचे चाळीसहून अधिक तास लागले असते, आणि तितका वारा सलग क्वचितच वाहतो. घट नेहमीच अर्धपोटी राहिले असते, आणि अंधारापासून वाचवायला आणलेला साठा सल्फेटच्या थराखाली लवकर संपला असता. घटांची संख्या निर्वात दिवसांवर ठरते हे खरे, पण तिला वरून एक लगाम आहे, आणि तो भरणाऱ्या यंत्राच्या हाती असतो.

ब्रश यांचे प्रमाण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. १२,००० वॅट म्हणजे ७५ व्होल्टला १६० अँपिअर. १,२०० अँपिअर-तासांच्या साठ्याच्या मानाने हे १३ टक्के होतात. शिशाच्या बॅटऱ्यांसाठी आज १० ते १३ टक्के हेच प्रमाण बरे समजतात.

या तळघरातली आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. डायनॅमो आणि घट यांच्यामध्ये एक स्वयंचलित कळ होती. डायनॅमोचा दाब ७५ व्होल्ट झाला की ती जोडली जाई, ७० ला उतरला की सुटे. दुसरी योजना दाबाला ९० च्या पुढे जाऊ देत नसे. या आकड्यांना ३४ ने भागून पाहावे. ७० म्हणजे घटामागे २.०६ व्होल्ट, हा भरलेल्या घटाच्या विसाव्याच्या दाबाजवळचा आकडा. त्याखाली कळ जोडलेली राहिली, तर वीज उलटी वाहील आणि घट आपला साठा खर्चून डायनॅमोला मोटार बनवतील, वर निर्वातात चक्र फिरवू लागतील! ९० म्हणजे घटामागे २.६५ व्होल्ट. या दाबावर पूर्ण भरलेला घट उकळल्यासारखा वायूचे बुडबुडे सोडतो. वर तेलाचा थर का होता, ते इथे कळते. आजच्या सौरसंचातील ‘चार्ज कंट्रोलर’ म्हणतात त्या डबीचे सारे काम या दोन योजना करत होत्या, तेही साध्या विद्युतचुंबकांच्या युगात.

‘सायंटिफिक अमेरिकन’च्या लेखकाने तरीही वाचकांना सावध केले होते. वारा फुकट मिळतो म्हणून हा प्रकाश स्वस्त पडतो असे कोणी समजू नये, उभारणीचा खर्च त्या फुकटेपणाला पुरून उरतो, असा त्याचा अभिप्राय होता. या खर्चात चक्राचा वाटा डोळ्यांना दिसतो. शिशाचा दिसत नाही.

हाच खर्च डेन्मार्कमध्ये एका वेगळ्या माणसाला सतावत होता. पॉल ला कूर हे आस्कोव्ह येथील लोकविद्यालयात शिकवत. १८९१ साली सरकारी अनुदानातून त्यांनी तिथे प्रायोगिक पवनचक्की उभारली. ब्रश यांना आपली हवेली उजळायची होती, ला कूर यांना डेन्मार्कची खेडी. खेड्यातल्या शेतकऱ्याला ४०८ बरण्या परवडणार नाहीत, हे उघड होते.

त्यांनी घटांनाच फाटा दिला. पवनचक्कीच्या विजेने पाण्याचे विघटन करायचे, हायड्रोजन टाकीत साठवायचा, आणि रात्री तो जाळून दिवे लावायचे. १८९५ ते १९०२ या काळात आस्कोव्हचे विद्यालय अशा वायुदिव्यांनी उजळत होते. टाकी १२ घनमीटरची. एक घनमीटर हायड्रोजन जाळल्यावर सुमारे ३ युनिट उष्णता देतो, म्हणजे टाकीत ३६ युनिट. आकड्यापुरता हा साठा ब्रश यांच्या तळघराच्या निम्म्याजवळ भरतो, आणि टाकी वाढवणे शिसे विकत घेण्याहून कितीतरी स्वस्त. हायड्रोजन अर्धवट भरून ठेवला तरी कुजत नाही. उलट त्यात थोडा ऑक्सिजन मिसळला की तो पेट घेतो. विद्यालयाच्या खिडक्यांची तावदाने अशा स्फोटांनी एकाहून अधिक वेळा फुटल्याचे सांगितले जाते.

१९०३ साली ला कूर यांच्या पुढाकाराने वाऱ्याच्या विजेचा प्रसार करणारी ‘डीव्हीईएस’ ही संस्था स्थापन झाली. तोवर दिशा बदलली होती. डेन्मार्कच्या ग्रामीण वीजकेंद्रांत आता पवनचक्की, शिशाचे घट आणि जोडीला तेलावर चालणारे इंजिन असा त्रिकूट-संसार दिसू लागला. इंजिन आले, आणि घटांच्या हिशेबातील सर्वांत महाग पद गळून पडले. वारा किती दिवस पडेल, ही चिंताच उरली नाही. तो पडलाच, तर इंजिन सुरू करता येत होते.

या युक्तीचा सर्वांत यशस्वी व्यापार अमेरिकेत, पुन्हा ओहायोतच, झाला. मोटारीचा विद्युत-प्रारंभक बनवून १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये बसवणारे चार्ल्स केटरिंग यांनी डेटन शहरातून १९१६ साली ‘डेल्को-लाइट’ हा शेतघरांसाठीचा वीजसंच बाजारात आणला. एक छोटे इंजिन, त्याला जोडलेला डायनॅमो आणि काचेच्या बरण्यांतले १६ घट. १६ गुणिले २, म्हणजे ३२ व्होल्ट. पुढे अमेरिकी शेतघरांसाठी ३२ व्होल्टचे दिवे, पंखे, इस्त्र्या अशी एक स्वतंत्र दुनियाच तयार झाली, ती या १६ बरण्यांमुळे.

या संचाची प्रसिद्ध आवृत्ती ८५० वॅटची होती. १६० अँपिअर-तासांचे घट घेतले तर साठा ५ युनिटांच्या थोडा वर. ब्रश यांचा १६ वा हिस्सा! शेतघरातले दिवे थोडे होते, हे त्याचे एक कारण. मोठे कारण वेगळे आहे. ब्रश यांना वारा पडण्याच्या रात्रींची बेगमी करावी लागे. डेल्कोच्या शेतकऱ्याचा वारा डब्यात भरलेला असे, केरोसीन किंवा पेट्रोल म्हणून. त्याला रात्रीपुरती, फार तर दोन-तीन रात्रींपुरती वीज घटांत भरायची, एवढेच काम. घट भरायला इंजिनाला सलग थोडेच तास लागत, म्हणून ते पुरते भरले जात आणि सल्फेटलाही फारसे फावत नसे. वाऱ्याचे घट मोठे आणि इंजिनाचे लहान, हा भेद हौसेचा वा ऐपतीचा नाही. हाती नसलेल्या ऊर्जेसाठीच पेव खोल खणावे लागते.

१९२० च्या दशकात मोंटानातील माळरानावर मार्सेलस आणि जो जेकब्स या बंधूंनी इंधनाच्या खेपांना कंटाळून पुन्हा पवनचक्कीचा रस्ता धरला. त्यांचे तीन पात्यांचे यंत्र याच ३२ व्होल्टच्या दुनियेत सामावणारे होते. इंधन गेले, आणि घटांचा आकार पुन्हा वाढवणे भाग पडले.

ब्रश यांचे चक्र सुमारे २० वर्षे फिरले आणि १९०८ च्या सुमारास थांबले. क्लीव्हलंडसारख्या शहरात तोवर मध्यवर्ती केंद्रांची वीज दारापर्यंत आली होती. शेतघरांपर्यंत यायला तिला आणखी एक पिढी लागली. १९३५ साली अमेरिकी सरकारने ग्रामीण विद्युतीकरण प्रशासन स्थापन केले, तेव्हा तिथल्या दहा शेतघरांपैकी जेमतेम एकाकडे वीज होती. पुढच्या दीड-दोन दशकांत सहकारी संस्थांच्या तारा माळरानांवर पसरल्या. तारेतून येणारी वीज ३२ व्होल्टची नव्हती, त्यामुळे जुने दिवे, पंखे आणि इस्त्र्या एका फटक्यात निकामी झाल्या. इंजिने भंगारात गेली, शिसे वितळवायला गेले. डेल्कोच्या जाड काचेच्या बरण्या तेवढ्या उरल्या. अमेरिकेतील जुन्या वस्तूंच्या दुकानांत त्या अजून दिसतात. गिऱ्हाइके त्या फुलदाण्या म्हणून नेतात.